महोदय, त्या बियाण्याचा हिशेब अजून बाकी आहे

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय कृषी संशोधन परिषद,
नवी दिल्ली

महोदय,

दरवर्षी 16 जुलैला आपल्या परिषदेचा स्थापना दिवस असतो. 1929 साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या शेती शास्त्रज्ञांना पुरस्कारही देते. अनेक वर्षे त्यांतला एक पुरस्कार रफी अहमद किडवाईंच्या नावाचा होता, एक जवाहरलाल नेहरूंच्या नावाचा, आणि महिला शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार आमच्या वऱ्हाडातल्या पापळ गावच्या पंजाबराव देशमुखांच्या नावाचा. या पुरस्कारांबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी आयुष्य प्रयोगशाळेत घालवले त्यांचा मान व्हायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्याला ठाऊक नाही असे मी मानत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्याचा, मुकुटबन भागातला कापूस उत्पादक आहे. आमच्या दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी आहे, ती काढायला मोठमोठी यंत्रे आली आणि रस्ते ट्रकांनी भरले. जमिनीच्या वर मात्र कपाशी, तूर, थोडे सोयाबीन, आणि सगळे पावसाच्या भरवशावर. कोलाम, गोंड, कुणबी, कुणीही असो, इथल्या माणसाचे वर्ष कपाशीच्या बोंडावर ठरते. त्या बोंडात काय असावे हे ठरवणारी आपली संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूरला आहे. सकाळी मुकुटबनहून निघालेला माणूस तिथले काम उरकून रात्री घरी परत येऊ शकतो, इतकी ती जवळ आहे. 1976 पासून ती तिथे आहे. म्हणून हे पत्र.

2002 च्या मार्चमध्ये बोंडअळीला रोखणारी म्हणून आलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा 450 ग्रॅमच्या पाकिटाला 1600 रुपयांच्या पुढे मोजावे लागत. तो भाव 2006 साली उतरला. पण तो उतरवायला आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले होते. त्या भांडणात आपली परिषद शेतकऱ्याच्या बाजूने उभी राहिलेली आम्हाला दिसली नाही. तरीही आम्ही आपल्याकडेच आशेने पाहत होतो, कारण आपण सांगितले होते की सरकारी प्रयोगशाळा स्वतःचे बीटी बियाणे घडवत आहेत.

ते बियाणे खरोखरच घडले. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि नागपूरची आपली कापूस संस्था यांनी मिळून बिकानेरी नरमा बीटी हा वाण उभा केला. 2008 साली त्याला मान्यता मिळाली आणि 2009 च्या खरिपात तो विक्रीला आला. या वाणाचे महत्त्व त्याच्या स्वस्ताईपुरते नव्हते. खासगी कंपन्यांचे बियाणे संकरित. त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावेच लागते. बिकानेरी नरमा हा सरळ वाण. एकदा घेतला की त्याची सरकी राखून पुढच्या वर्षी टोबता येणार होती, शेजाऱ्याला देता येणार होती. अळीपासून संरक्षण आणि बियाण्याची मालकी, दोन्ही एकाच सरकीत. आमच्या आजोबांना जी गोष्ट फुकट होती ती आम्हाला सरकारी शास्त्रज्ञांमुळे परत मिळणार होती. हे आश्वासन आपल्या संस्थांनी दिले होते. ते आम्ही मनाने रचलेले नव्हते.

एकाच हंगामानंतर ते बियाणे बाजारातून गेले. मोन्सँटो कंपनीच्या बियाण्यात जो जनुक जसा बसवलेला आहे, ज्याला शास्त्रज्ञ मॉन 531 म्हणतात, तोच या देशी म्हणवलेल्या वाणात सापडला. पुढे ओरड झाली, तेव्हा परिषदेने डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 2012 च्या अखेरीस आला. बियाण्यात मॉन 531 असल्याचे समितीने नोंदवले आणि वाण घडवताना, तपासताना व त्याला मान्यता देताना राहिलेल्या उणिवांवर बोट ठेवले.

महोदय, हा अहवाल कुणाच्या हितशत्रूने लिहिलेला नव्हता. परिषदेने स्वतः नेमलेल्या समितीचा तो अहवाल आहे. मग मला विचारू द्या. ज्या शेतकऱ्यांनी 2009 साली आपल्या शिक्क्यावर विश्वास ठेवून हे बियाणे घेतले, त्यांच्यापैकी किती जणांना आपण पत्र पाठवून हे कळवले? कोणत्या कृषी सहायकाने कोणत्या ग्रामसभेत सांगितले की बियाणे का मागे घेतले, त्यात काय होते आणि पुढे काय होणार? अहवाल इंग्रजीत आहे. तो मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, गुजरातीत, म्हणजे कापूस पिकवणाऱ्यांच्या भाषांत का आला नाही? त्या अहवालावर जी कारवाई झाली असेल, ती शेतकऱ्याच्या माहितीसाठी कधी जाहीर झाली? बियाण्याच्या दुकानदाराने भेसळीचे पाकीट विकले तर त्याचा परवाना रद्द होतो आणि ती बातमी तालुक्याच्या पानावर येते. देशाच्या सर्वोच्च प्रयोगशाळांच्या बाबतीत एवढाही हिशेब का नसावा?

या प्रकरणातली सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट अजून पुढेच आहे. मॉन 531 वर मोन्सँटोचे भारतात पेटंटच नव्हते. म्हणजे आपल्या संस्थांना तो जनुक उघडपणे, नियम पाळून, सांगूनसवरून सरळ वाणांत आणता आला असता. आपल्या शास्त्रज्ञांना ते जमत नव्हते असे कुणी म्हणू शकणार नाही, कारण पुढे त्यांनी नेमके तेच केले. 2017-18 च्या सुमारास सुरज, रजत अशा चांगल्या सरळ वाणांत तो घालून बीटी वाण आणले. 2002 ते 2017, पंधरा वर्षे. या पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाला पचवून टाकले होते. गुजरातमध्ये पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नाही हे 2009-10 पर्यंत स्पष्ट झाले होते. ते वाण अमेरिकन बोंडअळीला अडवतात, हे खरे. पण आमच्या बोंडात आता शिरते ती गुलाबी. म्हणजे आपले औषध रोग बदलल्यावर पोहोचले.

आता या गुलाबी बोंडअळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याला हे शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण हे पत्र माझ्यासारखे शेतकरीही वाचतील, आणि हे गणित त्यांना कुणी समजावलेले नाही.

ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. पतंग पात्यांवर, बोंडांवर अंडी घालतो, अळी आत शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. फुलोऱ्यात न उमलणारी डोमकळी दिसली की जाणत्याच्या लक्षात येते. बाकीच्यांना वेचणीच्या वेळीच कळते, कारण बोंड उमलत नाही आणि हाताला कवडी लागते. कपाशी शेतात जितकी जास्त दिवस उभी, तितक्या या अळीच्या पिढ्या जास्त. खासगी संकरित वाण सहा-सहा, सात-सात महिने उभे राहतात. त्यात फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखले, की अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते.

संकरित बियाण्याचा दुसरा दोष यापेक्षा खोल आहे. संकरित झाडावरच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. बोलगार्ड-2 या दुसऱ्या पिढीच्या बीटी कपाशीच्या झाडावर काही सरक्यांत दोन्ही विषारी प्रथिने असतात, काहींत एकच, आणि काहींत एकही नाही. गुलाबी बोंडअळी खाते ती नेमकी सरकीच. एकाच बोंडात तिला अर्धेमुर्धे विष मिळते आणि विष पचवण्याचा सरावही तिथेच होतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांनी बीटी कपाशी मुख्यतः सरळ वाणांतून पेरली. अमेरिकेत 2006 पासून बीटी कपाशीच्या जोडीने वंध्य पतंग विमानातून सोडण्याची मोहीम चालली, आणि 2018 साली तिथल्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळीचे कापूस पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. ज्या जनुकाच्या जोरावर त्यांनी अळी संपवली, त्याच जनुकावर ती आपल्याकडे पोसली गेली. जनुक तोच, अळी तीच. फरक पडला तो बियाण्याच्या पद्धतीत आणि राखणदारीत. ही राखणदारी कुणाची होती?

पाकिटाबरोबर बिगरबीटी सरकीची छोटी पुडी देत, ती आश्रय-पट्टा म्हणून शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, असा नियम होता. कागदावर शास्त्र बरोबर होते. पण दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या शेताचा पाचवा हिस्सा अळीसाठी का सोडायचा, हे त्याला बसून समजावणारा माणूस कोणत्या खात्याने नेमला? नियम पाळला जात नाही हे वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत दिसत होते. बियाण्याबरोबर तंत्रज्ञानाची जबाबदारीही घ्यायची असते, आणि ती कंपनी घेणार नव्हती. ती आपली होती.

यातली कोणतीही गोष्ट मी शोधून काढलेली नाही. आपल्याच नागपूरच्या संस्थेचे अनेक वर्षे संचालक असलेले डॉ. केशव क्रांती हे सांगत आले. ते साधे शास्त्रज्ञ नव्हते. आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीने 2009 साली त्यांना वर्षातला सर्वोत्तम कापूस संशोधक म्हणून गौरवले. बियाण्यात बीटी आहे की नाही हे शेताच्या बांधावर तपासता येईल अशी साधने त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तयार केली. संस्थेत असतानाच ते लांब मुदतीच्या संकरित वाणांचे धोके मांडत होते, कमी दिवसांच्या, दाट लावायच्या सरळ वाणांचा आग्रह धरत होते. पुढे 2020 साली अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात वीस वर्षांचा आढावा मांडला. कापसाचे उत्पादन वाढण्याचे श्रेय बीटीला सरसकट देता येत नाही आणि शेतकरी कीटकनाशकांवर बीटी येण्यापूर्वीपेक्षा जास्त खर्च करतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणून माझा रोख शास्त्रज्ञांवर नाही, तो आपल्या परिषदेवर आहे. ज्या माणसाला जग पुरस्कार देते त्याचे म्हणणे त्याच्याच संस्थेच्या धोरणात का उतरले नाही? देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशीवर संकरित बीटी पसरू दिली जात होती, तेव्हा परिषदेने सरकारला लेखी सावध केले होते का? केले असेल तर ते पत्र प्रसिद्ध करा. मी जाहीर माफी मागेन. केले नसेल तर का नाही, ते सांगा.

2017 साल आपण विसरला नसाल. बोलगार्ड-2 ला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीची झाली, फवारणीवर फवारणी झाली, आणि त्या हंगामात विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. कुणाची नजर गेली, कुणाला हातपाय बांधून ठेवावे लागले. बहुतेक जण रोजंदारीने फवारणी करणारे. विशेष तपास पथक नेमले गेले, हातमोजे आणि मास्क वाटले गेले, कीटकनाशक कंपन्यांवर चर्चा झाली. पण कपाशी माणसाच्या डोक्यावर का गेली, तिच्यावर इतकी फवारणी का लागली, हा बियाण्याचा प्रश्न कुणी विचारला नाही. बोंडअळीचा नायनाट होईल, फवारणी संपेल, असे सांगून जे बियाणे आणले त्याच्याच शेतात फवारणी करताना माणसे मेली. जिल्ह्यात त्या कुटुंबांना भेटायला परिषदेचे कोण आले होते?

आणि 2012 साली लोकसभेचे खासदार बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालची संसदेची कृषी स्थायी समिती आमच्याच जिल्ह्यातल्या भांबराजा गावी येऊन गेली होती, हेही आपल्या दफ्तरी असेल. बीटीने समृद्ध झालेले गाव म्हणून तेव्हा भांबराजाचे नाव वर्तमानपत्रांत गाजत होते. समितीने गावकऱ्यांशी बोलून वेगळेच चित्र नोंदवले. म्हणजे 2017 च्या पाच वर्षे आधी संसद यवतमाळच्या मातीत उभी राहून इशारा देऊन गेली होती. सोपोरी समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. एका वर्षात दोन इशारे, आणि दोन्ही कपाटात.

या पोकळीत काय उगवले, ते आमच्या सीमाभागात येऊन पाहा. तणनाशक सहन करणारी, कोणतीही मान्यता नसलेली कपाशी, जिला इथे सगळे चोर बीटी म्हणतात, ती पिशव्यांतून गुजरात-तेलंगणाच्या वाटेने येते. पावती नाही, कंपनीचे खरे नाव नाही, उगवली नाही तर तक्रार कुणाकडे करणार? तरी लोक घेतात, कारण निंदणाची मजुरी झेपत नाही आणि पावसाच्या उघडिपीत डवरणीला बैल मिळत नाहीत. पोलीस आणि कृषी खाते धाडी घालतात, चार पोती जप्त होतात, पुढच्या आठवड्यात पाचवे पोते येते. पंतप्रधान कार्यालयाच्या सूचनेवरून याची चौकशी करायला समिती नेमली गेली होती. तिच्या अहवालाने गावात काय बदलले? शेतकऱ्याला आपण गुन्हेगार ठरवता आणि त्याला हवे ते तंत्र सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर मात्र देत नाही. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण तपासणी करून, जाहीरपणे म्हणा. ‘नाही’ असे उत्तर आले तर त्याबरोबर निंदणाचा परवडणारा पर्यायही द्या.

बोलगार्ड-2 ला 2006 साली परवानगी मिळाली. त्यानंतर आमच्या हातात कायदेशीर मार्गाने बियाण्यातले एकही नवे तंत्र आले नाही ज्याने गुलाबी बोंडअळी थांबते. पाकिटाचा सरकारी भाव मात्र 2020 मधल्या 730 रुपयांवरून 2025 मध्ये 901 रुपयांवर गेला. ज्या बियाण्यातले संरक्षण संपले आहे, ते बियाणे दरवर्षी महाग का होते? पाकिटावर आजही बोंडअळीपासून संरक्षणाचा दावा छापला जातो. त्यातली गुलाबी बोंडअळीपुरती ओळ काढून टाका, असे आपण बियाणे नियंत्रकांना कळवले आहे का?

आता नव्या घोषणांकडे येतो. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या परिषदेने जनुक-संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण, कमला आणि पुसा डीएसटी राइस 1, मोठ्या समारंभात देशापुढे ठेवले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गुलाबी बोंडअळीला रोखणारी कपाशी तयार केल्याचे सांगितले, आणि नागपूरची एक बियाणे कंपनी पुढच्या चाचण्यांसाठी तिच्यासोबत आहे. याच लखनौच्या संस्थेने 2016 साली एका नेच्यातले प्रथिन कपाशीत आणून पांढऱ्या माशीला रोखल्याचे संशोधन ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध केले होते. जगभर त्याचे कौतुक झाले आणि आम्हीही केले. पण ती कपाशी अजून आमच्या बांधापर्यंत आलेली नाही.

त्यामुळे गुलाबी बोंडअळीच्या नव्या कपाशीची बातमी वाचून आनंद होण्याऐवजी माझ्या मनात प्रश्न आले. हा जनुक संकरित बियाण्यातच येणार का? दरवर्षी पाकीटच घ्यायचे का? सरकारी पैशाने लागलेल्या शोधाची किंमत कंपनी ठरवणार का? आश्रय-पट्ट्याची जबाबदारी पुन्हा शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवून सगळे मोकळे होणार का? बिकानेरी नरमाचे जे झाले ते याचे होऊ नये म्हणून बियाण्याची शुद्धता कोण तपासणार, आणि ती तपासणी आम्हाला दिसेल का?

आपल्याकडे हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास घोटाळते आणि कोरडवाहू विदर्भात त्याहूनही कमी. ब्राझील आणि चीन यांच्या कितीतरी मागे. ही तूट दाखवूनच कापडगिरण्या आयात मागतात. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले गेले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा काळ त्यात आला. भाव आपल्या हातात नाहीत, हे मला कळते. पण देशाला बाहेरून रुई आणावी लागते यात आपल्या प्रयोगशाळांचा वाटा आहे, आणि त्याची किंमत मुकुटबनच्या जिनिंगबाहेर गाड्यांच्या रांगेत उभा असलेला माणूस भरतो.

आपण कामात असाल, म्हणून मागण्या थेट सांगतो. सोपोरी समितीचा अहवाल आणि त्यावर झालेली कारवाई, व्यक्तिनिहाय नव्हे तर संस्थानिहाय का होईना, मराठीत प्रसिद्ध करा, आणि तो नागपूरच्या संस्थेत दडवून न ठेवता प्रत्येक कापूस तालुक्याच्या कृषी कार्यालयात लावा. कापूस अभियानातून येणाऱ्या कोणत्याही सार्वजनिक जनुकाचे सरळ वाण आधी आणि संकरित नंतर, असा लेखी निर्णय घ्या. कमी दिवसांच्या सरळ वाणांचे पायाभूत बियाणे महाबीज आणि कृषी विद्यापीठांमार्फत यवतमाळसारख्या जिल्ह्यात किती क्विंटल येणार, कोणत्या वर्षी येणार, हे पेरणीच्या सहा महिने आधी जाहीर करा. बियाणे राखण्याचा हक्क पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने 2001 सालीच आम्हाला दिला आहे. राखता येईल असे चांगले बियाणेच मिळत नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

आणि पुरस्कारांविषयी एवढेच. प्रबंधाला पुरस्कार द्या, शोधनिबंधाला द्या. पण बियाणे क्षेत्रातला मोठा पुरस्कार देण्याआधी तो वाण पाच वर्षांनी किती शेतांत उभा आहे आणि त्याची सरकी किती शेतकऱ्यांनी स्वतः राखली, याची मोजणी कापूस पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन करा. पंजाबराव देशमुखांनी दहा वर्षे या देशाचे कृषिमंत्रिपद सांभाळले. त्यांच्या नावाने पुरस्कार देत आलेल्या परिषदेने ही अट लावली तर त्यात वावगे काही नाही.

मी हे पत्र एकट्याच्या वतीने लिहिले असले तरी उत्तराची वाट एकटा पाहणार नाही. कपाशीचे बियाणे ठरवण्याची वेळ दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात येते. त्याआधी आपले लेखी उत्तर यावे. ते माझ्या नावे नको, झरी-जामणी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या नावे पाठवा, म्हणजे ते ग्रामसभेत वाचून दाखवता येईल. उत्तर आले नाही, तर हेच प्रश्न ग्रामसभेच्या ठरावाने माहितीच्या अधिकारात आपल्याकडे येतील, आणि नागपूरच्या संस्थेच्या फाटकाशी आम्ही स्वतः येऊ.

आपला,
मुकुटबन परिसरातील एक कापूस उत्पादक
ता. झरी-जामणी, जि. यवतमाळ